बंदिस्त प्रजनन, मोठ्या वन्य पशूंचे (खानदेश)

मोठ्या व दुर्मिळ वन्य पशूंची जोडी माणसाच्या ताब्यात ठेवून तिच्यापासून पिल्ले मिळवण्याची पद्धत. पूर्वी याचे प्रयत्न राजांच्या पीलखान्यांत (हत्तीशाळांत) व चित्तेखान्यांत (शिकारी चित्ते ठेवण्याच्या जागांत) होत. आज ते प्राणिसंग्रहालयांत आणि सफारी उद्यानांत चालते. खानदेशचा (आजचे जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे, ऐतिहासिक अर्थाने बऱ्हाणपूर-असीरगडचा मुलूखही) या विषयाशी आलेला संबंध मुख्यतः पशू पकडण्यातून आहे, पैदाशीतून नव्हे. सातपुड्याच्या रानातून जनावर मिळत होते तोवर ते पाळून वाढवण्याची गरज कोणाला भासली नाही.

हत्तीच्या बाबतीत हे सर्वांत स्पष्ट दिसते. कौटिलीय अर्थशास्त्रात हत्ती उन्हाळ्यात व वीस वर्षांचा झाल्यावर धरावा असे सांगितले असून दूध पिणारे पिल्लू, दात नसलेला किंवा आजारी हत्ती, गाभण व दुभती हत्तीण यांना धरण्यास मनाई आहे. प्रजननाचे काम रानावर सोपवून तयार जनावर तेवढे आणायचे, असाच या नियमांचा अर्थ होतो. हत्तिणीचा गर्भकाळ १८ ते २२ महिन्यांचा आणि पिल्लू कामाचे होईपर्यंतचा चारा दीड-दोन दशकांचा. हा हिशेब पाहता राज्यकर्त्यांचा कल समजण्यासारखा आहे. अकबराच्या राज्यकारभारावरील आईन-इ-अकबरी या ग्रंथात तर पाळीव हत्तींची पैदास पूर्वी अशुभ मानत, अकबराच्या आज्ञेने ती सुरू झाली व तो समज मावळला, असे अबुल फजल नोंदवतो.

सातपुड्यात हत्ती खरोखर किती व केव्हापर्यंत होते, याविषयी मतभेदाला जागा आहे. अर्थशास्त्र अपरांतातील (पश्चिम किनाऱ्याकडील प्राचीन प्रदेशातील) हत्तींना मध्यम प्रतीचे ठरवते. मात्र अपरांताची सीमा कोठवर धरायची यावर एकमत नाही. आईन-इ-अकबरीतील हत्तींच्या ठिकाणांच्या यादीत माळवा सुभ्यातील बीजागड व हंडिया ही नावे येतात. बीजागड आजच्या खरगोन जिल्ह्यात, म्हणजे चोपडा-यावलच्या डोंगरांपलीकडे लगेच आहे. शाहजहानच्या काळात सुलतानपूर व राजपीपळ्याच्या जंगलांत हत्ती पकडल्याचे उल्लेख मिळतात. हे सुलतानपूर शहादा तालुक्यातले. ही जनावरे मूळची रानटी, की लष्करी पीलखान्यांतून सुटून रानात वाढलेली, असा प्रश्न उपस्थित करता येतो. वेगवेगळ्या काळांतील उल्लेख याच पट्ट्याभोवती येतात हे लक्षात घेता पहिला पर्याय अधिक संभवनीय वाटतो. साधारणतः सतराव्या शतकानंतर येथील रानटी हत्तींचा माग हळूहळू पुसट होत जातो.

चित्त्याची कथा खानदेशातील नाही, पण बंदिस्त प्रजननाच्या इतिहासात ती टाळता येत नाही. असीरगड १६०१ मध्ये पडला व खानदेश मोगलांकडे गेला, त्या काळात अकबराच्या चित्तेखान्याची ख्याती होती. जहांगीर आपल्या आठवणींत लिहितो की, वडिलांनी एक हजार चित्ते जमवले, त्यांच्या जोड्या बागांतही सोडून पाहिल्या, पण काही साधले नाही. पुढे, सुमारे १६१३ मध्ये, एक नर गळपट्टा सोडवून मादीकडे गेला आणि अडीच महिन्यांनी तीन पिल्ले झाली व ती वाढली. चित्त्याचा गर्भकाळ ९० ते ९५ दिवसांचा असल्याने ‘अडीच महिने’ हा आकडा जुळत नाही. त्यावरून संपूर्ण नोंदच संशयास्पद ठरवणे मात्र योग्य वाटत नाही. दिवसांची मोजणी ढोबळ असावी व घटना खरी असावी, हे मत येथे ग्राह्य धरले आहे. नर सुटून स्वतःहून गेला, हा तपशीलही आजच्या जाणकारीशी मिळतो. निसर्गात मादी एकटी राहते. जोडी सतत एकत्र ठेवली तर मीलन टळते, म्हणून आता त्यांना वेगळे ठेवून मादी माजावर आल्यावरच नर सोडतात. यानंतरची बंदिवासातील चित्त्याच्या जन्माची नोंद थेट १९५६ मधली, फिलाडेल्फियाची.

आधुनिक काळात भारतातला महत्त्वाचा टप्पा कोलकात्याचा. अलीपूरच्या प्राणिसंग्रहालयात १८८९ मध्ये सुमात्री गेंड्याचे पिल्लू जन्मले. त्या वेळी तेथील कारभार रामब्रह्म सन्याल पाहत. तसा जन्म पुन्हा व्हायला ११२ वर्षे लागली (सिनसिनाटी, २००१), तोही वारंवार गर्भपात झालेल्या मादीला संप्रेरक देऊन. भारतीय एकशिंगी गेंड्याचा बंदिस्त जन्म स्वित्झर्लंडमधील बाझेलला १९५६ मध्ये झाला. त्याला पहिला म्हणण्याचा प्रघात असला तरी काठमांडूतील एकोणिसाव्या शतकातील जन्माची नोंद त्याआधीची आहे.

आजची पद्धत वंशावळीच्या नोंदवहीवर उभी आहे. युरोपीय गव्याची अशी नोंदवही १९३२ मध्ये निघाली. थोड्या मूळ जनावरांपासून वाढवलेल्या कळपात जवळच्या नात्यातील मीलन टाळणे हे तिचे मुख्य काम. ते न टाळल्यास काय होते याचे भारतीय उदाहरण पांढऱ्या वाघाचे आहे. रीवा संस्थानात १९५१ मध्ये पकडलेल्या मोहनचा संबंध त्याच्याच मुलीशी जुळवून १९५८ मध्ये पांढरी पिल्ले मिळवली गेली. आज बंदिवासात असलेल्या या वाघांच्या वंशात तिरळेपणासारखे दोष आढळतात. चंडीगडजवळच्या छतबीरच्या सफारीतही आशियाई व आफ्रिकी सिंहांचा संकर होऊन पुढील पैदास थांबवावी लागली. १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाल्यावर अशा बाबींवर देखरेख आली. खानदेशाला जवळचे म्हणजे छत्रपती संभाजीनगरचे सिद्धार्थ उद्यान वाघांच्या जन्मासाठी ओळखले जाते. तेथून २०२० मध्ये मुंबईच्या राणीच्या बागेत गेलेल्या शक्ती व करिश्मा या जोडीला पुढील वर्षी पिल्लू झाले.

वाघ बंदिवासात सहज वाढतो. अडचण त्याला रानात परत नेण्याची असते. मध्य प्रदेशातील पन्ना येथे २००९ पासून वाघ पुन्हा आणले गेले ते प्राणिसंग्रहालयातून नव्हे, इतर व्याघ्र प्रकल्पांतून. खानदेशातील वाघांच्या ऱ्हासाचे माप एका जुन्या आकड्यावरून मिळते. खानदेशातील भिल्लांच्या इंग्रजी पलटणीचा अधिकारी जेम्स आउट्रम व त्याच्या साथीदारांनी १८२५ ते १८३४ या काळात २३५ वाघ मारले, त्यांपैकी १९१ तो स्वतः हजर असताना. आता यावल अभयारण्य (स्थापना १९६९) सातपुड्यात आहे, आणि मुक्ताईनगर तालुक्यातील वढोदा वनक्षेत्रात व लगतच्या केळीबागांत वाघांचा वावर आढळतो. हे क्षेत्र मुक्ताई-भवानी या नावाने संवर्धन राखीव घोषित झाले आहे. तेथे वाघ येण्याचा मार्ग मेळघाटच्या बाजूने, अंबाबरवा अभयारण्यातून आहे.