पडद्यावरचा अंधार आणि खिडकीवरची चादर

मे महिन्यात सोलापुरात दुपारी बाराच्या पुढं घराबाहेर पाऊल टाकायची सोय नसते. पारा ४३-४४ अंशांवर, आणि पंखासुद्धा गरम वारा फेकतो. अशाच एका दुपारी मामा, भाचा आणि मी लॅपटॉपवर सिनेमा लावून बसलो होतो. दृश्य रात्रीचं. जुन्या वाड्याचा जिना, कुणीतरी कंदील घेऊन उतरतंय. मामा म्हणाले, "अरे, नुसता कंदीलच चाललाय की! माणूस कुठाय?"

भाच्यानं प्लेअरमधला ब्राइटनेस वाढवला. माणूस दिसला, पण सगळ्या वाड्यात राख उधळल्यासारखं झालं. "आता धुकं कुठनं आणलंस?" मामांनी विचारलं. प्रश्न अगदी मुद्द्याचा होता.

कॉम्प्युटरला चित्र म्हणजे आकडेच. साध्या व्हिडिओत ठिपक्याचा उजेड ० ते २५५ या पट्टीवर मोजला, तर ० म्हणजे मिट्ट काळा आणि २५५ म्हणजे पांढरा शुभ्र. प्लेअरमधला ब्राइटनेस वाढवला की ढोबळमानानं प्रत्येक आकड्यात तेवढीच भर पडते. समजा, ३० मिळवले. काळ्याचा ० होता तो ३० झाला, म्हणजे राखाडी. हेच ते धुकं. तिकडं कंदिलाजवळचे २३० आणि २५० दोघंही २५५ला जाऊन आपटले आणि ज्योतीतला बारकावा पुसला गेला. (कीबोर्डवरचा ब्राइटनेस वेगळा. तो आकड्यांना हात लावत नाही, पडद्यामागचा दिवा मोठा करतो. म्हणून आधी तोच पूर्ण वाढवावा.)

खरं औषध प्लेअरच्या ब्राइटनेसच्याच खिडकीत जरा खाली असतं: गॅमा. व्हीएलसी या प्लेअरमध्ये कंट्रोल आणि ई दाबलं की इफेक्ट्सची खिडकी उघडते. तिथं व्हिडिओ इफेक्ट्समध्ये इमेज अ‍ॅडजस्टवर टिक करायची आणि गॅमाची पट्टी १ वरून १.४ पर्यंत सरकवायची. आता ० शून्यच राहतो, २५५ सुद्धा जागचा हलत नाही. पण ४० चा साधारण ६८ होतो आणि २०० चा फक्त २१४. म्हणजे अंधारातल्या माणसाला भरपूर उजेड, कंदिलाला जेमतेम. दोन्ही टोकं खुंटीला बांधून दोरी मधोमध वर उचलावी, तसा हा प्रकार.

टीव्हीतला गॅमा जुन्या पिक्चर ट्यूबच्या काळापासूनचा. त्या ट्यूबला अर्धा व्होल्टेज दिला तर उजेड निम्मा मिळत नसे, जेमतेम पाचवा हिस्सा मिळे. गंमत म्हणजे ही खोड डोळ्याच्या स्वभावाला जुळली. लाइट गेलेल्या खोलीत एकाच्या दोन मेणबत्त्या केल्या तर लगेच कळतं. शंभरात एकीची भर कोण ओळखणार? त्यामुळं ट्यूब गेल्या तरी ती खोड आजच्या सपाट पडद्यांतही जपलेली आहे.

कधी कधी फाइल ठीक असते, घोळ वायरीच्या दोन टोकांत असतो. टीव्हीची जुनी रीत काळ्याला १६ आणि पांढऱ्याला २३५ धरण्याची. एचडीएमआय केबलनं टीव्ही जोडला, कॉम्प्युटर ० ते २५५ पाठवतोय आणि टीव्ही १६ च्या खालचं सगळं काळंच समजतोय, असं झालं की सावल्यांतले बारकावे गडप. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये फुल आणि लिमिटेड असा पर्याय असतो, तो टीव्हीशी जुळवला की झालं. एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला साठवणारी फाइल असली तर आणखी वेगळी रड: तिची पट्टी १०,००० निट (पडद्याचा उजेड मोजायचं माप) उजेडापर्यंत आखलेली, आपला लॅपटॉप बहुधा २५०-३०० निटचा. एवढं मोठं गाठोडं लहान पिशवीत कोंबताना चित्र अंधारं होतं किंवा विटकं. तिथं एचडीआर नसलेली साधी प्रत मिळवावी, उगाच झटापट करू नये.

आमच्याकडं गॅमा वाढवला, तरी मामांची कुरकुर चालूच. ते जमिनीवर बसलेले, लॅपटॉप खाटेवर. स्वस्त लॅपटॉपच्या काही पडद्यांकडं खालून पाहिलं की चित्र काळवंडतं. पडदा त्यांच्याकडं कलवला तर त्यात जिन्याऐवजी त्यांचाच पांढरा बनियन दिसू लागला. चकचकीत काच समोरचा सुमारे ४ टक्के उजेड परत फेकते. पडद्याचा काळा ०.३ निट आणि पांढरा ३०० निट असेल तर फरक हजारपटींचा. त्यावर बनियनचे ३ निट चढले की काळा ३.३, पांढरा ३०३. हजारपट फरक नव्वदीवर आला! इथं कुठलीही पट्टी सरकवून उपयोग नाही.

शेवटी मामीनं आतून जाड सोलापुरी चादर आणून खिडकीवर टांगली. खोलीत अंधार झाला, पण दुपारच्या उजेडाला सरावलेल्या डोळ्यांना लगेच काही दिसेना. अंधाराला पुरतं सरावायला डोळ्यांना २०-३० मिनिटं लागतात. तेवढ्यात मामीनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढं केली. ताटं रिकामी झाल्यावर भाच्यानं सिनेमा मागं नेला आणि गॅमा १.४ वरून १.१ वर आणला.

"हां, आता दिसला की," मामा म्हणाले, "त्याच्या हातात नुसता कंदील नाही, काठीपण आहे."