वितळलेल्या थेंबाची राखण

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात टिग (टंगस्टन इनर्ट गॅस) वेल्डिंगची चौकशी करायची असेल, तर ‘आर्गन मारून कुठे मिळेल?’ असे विचारावे. कारखान्यांतले हे बोलीतले नाव मला अधिक अर्थपूर्ण वाटते, कारण या पद्धतीचा सारा डोलारा आर्गन वायूवरच उभा आहे. घरच्या जुन्या गाडीचा सायलेन्सरचा पाइप स्वतः जोडायचा, या इच्छेने मी हे काम शिकू लागलो, तेव्हा त्यामागचे विज्ञान समजल्याखेरीज हात वळत नाही, हे लवकरच लक्षात आले.

गुजरीतला सोनार किंवा हुपरीचा चांदी कारागीर डाख देतो, तेव्हा दागिना वितळत नाही. वितळतो तो त्याहून कमी तापमानाला पाझरणारा डाख. वेल्डिंगमध्ये मात्र दोन्ही तुकड्यांच्या कडा वितळून एकजीव होतात. वितळलेला धातू हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन झपाट्याने ओढून घेतो आणि जोड सच्छिद्र व ठिसूळ होतो. नेहमीच्या वेल्डिंगमध्ये रॉडवरचे आवरण जळून वायू आणि मळी तयार होते व तीच राखण करते. टिगमध्ये हे काम आर्गनकडे असते. हवेत जेमतेम ०.९३ टक्के असलेला हा वायू १८९४ मध्ये रॅले आणि रॅम्से यांनी शोधला आणि तो कशाशीच संयोग पावत नाही म्हणून त्याला ‘आळशी’ अशा अर्थाचे ग्रीक नाव मिळाले. निष्क्रिय वायूच्या पडद्याआड जोडकाम करण्याची ही पद्धत अमेरिकेतील नॉर्थरॉप या विमान कंपनीतील रसेल मेरेडिथ यांनी मॅग्नेशियमसाठी विकसित केली आणि १९४२ मध्ये तिचे पेटंट मिळाले. त्यांनी सुरुवातीला हेलियम वापरला होता.

टॉर्चच्या, म्हणजे हातात धरायच्या वेल्डिंगच्या दांड्याच्या, तोंडाशी असलेली टंगस्टनची कांडी ३४२२ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे ती फक्त ठिणगी, म्हणजे विजेची अखंड ज्योत (आर्क), धरून ठेवते, स्वतः जोडात उतरत नाही. भर घालायची तार दुसऱ्या हातात असते. म्हणजे उष्णता एका हातात आणि धातू दुसऱ्या हातात! टिगची नजाकत आणि शिकणाऱ्याची अडचण, दोन्ही या एकाच गोष्टीतून येतात.

दीड मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस पाइपला साधारण ५० अँपिअर पुरतात. ठिणगीचा विद्युतदाब ११-१२ व्होल्ट धरला, तर ही शक्ती सुमारे ६०० वॅट, म्हणजे घरच्या इस्त्रीपेक्षाही कमी भरते. पण इस्त्रीची उष्णता तळभर पसरलेली असते आणि इथे ती काही मिलिमीटरच्या ठिपक्यात कोंडलेली असते. काळ्या काचेतून पाहताना तो ठिपका आधी नुसता लाल होतो, मग अचानक ओल्या आरशासारखा चमकतो आणि त्याच्या कडा हलू लागतात. हे इवलेसे तळे दिसल्यावरच तारेचे टोक त्याच्या पुढच्या काठाला टेकवायचे आणि मागे घ्यायचे. मात्र ते आर्गनच्या पडद्याबाहेर जाऊ द्यायचे नाही, नाहीतर तापलेले टोक काळे पडते आणि तो मळ पुढच्या थेंबात शिरतो. टंगस्टन आणि तळे यांत दोन मिलिमीटरच अंतर असते. सुरुवातीला माझा हात सतत खाली जाई, टंगस्टन बुडे, ठिणगी भरकटे, आणि दर वेळी थांबून टोक ग्राइंडरवर पुन्हा लांबीच्या दिशेने घासावे लागे. पाइपला हात लावण्याआधी टाकाऊ पत्र्यावर तारेविना नुसते तळे चालवण्याचा सराव करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

ॲल्युमिनिअमची गोष्ट निराळी. तो धातू ६६० अंशांना वितळतो, पण त्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा २०७२ अंशांपर्यंत टिकतो. आत पाणी आणि वर कातडे, अशी अवस्था होते. म्हणून इथे एसी, म्हणजे सतत दिशा उलटणारा, प्रवाह लागतो: एका अर्धचक्रात पापुद्रा फुटतो, दुसऱ्यात उष्णता खोल जाते. शिवाय वितळलेल्या ॲल्युमिनिअममध्ये हायड्रोजन भरपूर विरघळतो आणि थिजताना बाहेर पडू पाहतो, पण आतच अडकतो. कास्टिंगमधल्या बारीक छिद्रांची डोकेदुखी आपल्या फाउंड्रीवाल्यांना ठाऊक आहेच. कोल्हापूरच्या पावसाळ्यात दमट झालेली तार किंवा तेल प्यायलेले इंजिनाचे झाकण हेच हायड्रोजनचे उगम असतात.

आर्गनचा प्रवाह मिनिटाला ८ ते १० लिटर पुरतो. तो फार वाढवला तर भोवरे होऊन उलट हवाच आत ओढली जाते. पंखा बंद हवा, पण खोली कोंदटही नको. आर्गन हवेपेक्षा जड असल्याने गॅरेजच्या खड्ड्यात साचून तिथला ऑक्सिजन हटवू शकतो, आणि त्याला वास नसतो. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागावर वेल्डिंग कदापि करू नये, कारण ठिणगीच्या उष्णतेने आणि अतिनील किरणांनी त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू निर्माण होतो. गाडीवर काम करताना बॅटरी सोडवावी आणि अर्थिंगचा चिमटा जोडाशेजारीच लावावा, म्हणजे प्रवाह बेअरिंगांतून जात नाही. स्टिअरिंग, ब्रेक आणि पेट्रोलची टाकी ही नवशिक्याची कामे नव्हेतच.

स्टेनलेसचा जोड फिकट सोनेरी दिसला तर राखण चांगली झाली, राखाडी झाला तर हवा लागली, असे समजावे. माझा पहिला पाइप बाहेरून सोनेरी होता, पण कापून पाहिला तेव्हा आतली बाजू जळक्या साखरेसारखी काळी, दाणेदार निघाली. बाहेरून आर्गन होता, आत मात्र हवाच होती. पुढच्या पाइपची दोन्ही तोंडे ॲल्युमिनिअमच्या कागदाने बंद केली, एका टोकाला बारीक भोक ठेवले, दुसरीकडून आर्गन हळूहळू सोडून आतली हवा बाहेर काढली आणि मगच ठिणगी पाडली. तोही कापून पाहिला. या वेळी आतला जोड बाहेरच्याइतकाच सोनेरी होता.