किरूनाच्या पोलिसी कादंबऱ्यांमागचा इतिहास

स्वीडिश पोलिसी कादंबरी म्हटली की बर्फाने झाकलेले एकाकी गाव, दुपारीच दाटणारा अंधार आणि जाड कोट घातलेला थकलेला तपास अधिकारी असे चित्र आज वाचकाच्या मनात उभे राहते. प्रत्यक्षात या परंपरेचा पाया राजधानी स्टॉकहोममध्ये घातला गेला, तिची जगभर ख्याती झाली ती दक्षिण टोकाच्या इस्टाड या बंदराच्या गावामुळे, आणि ध्रुवीय उत्तरेत ती खऱ्या अर्थाने रुजली ती एकविसाव्या शतकात. ओसा लार्सन यांच्या किरूना शहरात घडणाऱ्या सहा कादंबऱ्या हे या उत्तरेकडच्या प्रवासाचे सर्वात भक्कम उदाहरण आहे. त्यांचे बळ थंडीच्या वर्णनात आहे असे अनेकांना वाटते. माझ्या मते ते त्या शहराच्या इतिहासात आहे, आणि तो इतिहास ठाऊक असल्याशिवाय या कादंबऱ्या अर्ध्याच वाचल्या जातात.

परंपरेचा आरंभ 1965 सालचा. त्याच वर्षी स्वीडनमधील नगरपालिकांच्या अखत्यारीतील पोलीस दले एकत्र करून राष्ट्रीय पोलीस यंत्रणा स्थापन झाली, आणि त्याच वर्षी मय शोवाल व पेर वालो या जोडप्याने मार्टिन बेक या स्टॉकहोमच्या अधिकाऱ्यावरील पहिली कादंबरी प्रसिद्ध केली. 1975 पर्यंत दहा कादंबऱ्या आल्या. दोघेही मार्क्सवादी होते आणि कल्याणकारी राज्य आपल्या दुबळ्या नागरिकांशी कसे वागते, हे खुनाच्या तपासाच्या निमित्ताने दाखवणे हा त्यांचा उघड हेतू होता. अमेरिकन लेखक एड मॅकबेन यांच्या पोलीस ठाण्यावरील कथांचे स्वीडिश अनुवाद त्यांनीच केले होते. एकट्या हुशार गुप्तहेराऐवजी चुका करणारे, भांडणारे, कागदपत्रांत बुडालेले पथक नायकस्थानी आणण्याची रीत त्या कथांशी जोडलेली आहे.

28 फेब्रुवारी 1986 रोजी पंतप्रधान उलोफ पाल्मे यांचा स्टॉकहोमच्या रस्त्यावर खून झाला आणि तपास वर्षानुवर्षे भरकटत राहिला. पोलिसांवरील आणि एकूणच राज्यसंस्थेवरील विश्वासाला बसलेला हा धक्का पुढच्या पिढीच्या लेखनात सतत जाणवतो. 1991 साली हेनिंग मानकेल यांनी कुर्त वालांडर हा अधिकारी इस्टाडमध्ये उभा केला आणि राजधानीबाहेरचे लहान गावही साऱ्या देशाचे दुखणे सांगू शकते, हे सिद्ध केले. मात्र इस्टाडपासून किरूना सरळ रेषेत सुमारे 1,400 किलोमीटर दूर आहे. मधल्या काळात, 1993 मध्ये, शेश्टिन एकमन यांनी नॉर्वेच्या सीमेजवळच्या वनप्रदेशात घडणारी एक महत्त्वाची कादंबरी लिहिली. तिच्यातला दुहेरी खून मध्यरात्रीही न मावळणाऱ्या उजेडात, उन्हाळ्यातील सणाच्या रात्री होतो. उत्तरेची भीती केवळ अंधारात नाही, ती अंतरात आणि माणसांच्या विरळपणात आहे, हे तिने लार्सन यांच्या आधीच दाखवून दिले होते.

किरूना हे आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेस सुमारे 145 किलोमीटरवर वसलेले शहर कोणत्याही बाजारपेठेतून किंवा किल्ल्यातून वाढलेले नाही. ते लोहखनिजासाठी जन्माला आले. एलकेएबी ही खाण कंपनी 1890 साली स्थापन झाली आणि 1900 साली शहर वसवले गेले. भूगर्भशास्त्रज्ञ हियाल्मार लुंडबूम हे खाणीचे पहिले व्यवस्थापक होते, आणि घरे, शाळा, दवाखाना यांच्या आखणीवर त्यांचा शब्द चालत असे. नॉर्वेतील नार्विक बंदरापर्यंत लोहमार्ग 1902 च्या अखेरीस पूर्ण झाला. 1912 मध्ये पूर्ण झालेले लाकडी चर्चही कंपनीनेच बांधून दिले. ज्या शहरात नोकरी, घर आणि प्रार्थनास्थळ या तिन्ही गोष्टींमागे एकच संस्था उभी आहे, तेथे कोण कोणाविरुद्ध साक्ष देईल हा प्रश्न गुन्ह्याच्या आधीपासूनच अस्तित्वात असतो.

दुसरा धागा धर्माचा आहे. लार्स लेवी लेस्ताडियस हे सामी, म्हणजे या उत्तर प्रदेशातील मूळ रहिवासी समाजाशी, वंशाचे नाते असलेले पाद्री आणि वनस्पतिशास्त्रज्ञ 1826 पासून स्वीडनच्या उत्तर टोकाच्या कारेसुआंदो येथे होते. 1840 च्या दशकात त्यांनी सुरू केलेली पुनरुज्जीवनाची चळवळ दारूबंदी, सार्वजनिक पापनिवेदन आणि कडक साधेपणा यांवर उभी होती, आणि व्यसनाने पोखरलेल्या सामी व फिनिश भाषक वस्त्यांना तिने खरोखर सावरले. परंतु तिच्या प्रभावातूनच 1852 साली नॉर्वेतील काउतोकेइनो येथे उठाव झाला. त्यात स्थानिक व्यापारी आणि कायदा राबवणारा सरकारी अधिकारी असे दोघे मारले गेले आणि 1854 मध्ये दोन सामी पुरुषांना मृत्युदंड देण्यात आला. श्रद्धा माणसाला वाचवते आणि तीच श्रद्धा हिंसेपर्यंतही नेते, ही जाणीव या प्रदेशाच्या स्मृतीत तेव्हापासून आहे.

लार्सन यांचा जन्म 1966 साली उप्साला येथे झाला, पण त्या वाढल्या किरूनामध्ये. त्यांचे आजोबा एरिक आउगुस्त लार्सन यांनी 1936 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये 18 किलोमीटर स्कीइंगचे सुवर्णपदक जिंकले होते. करविषयक वकील म्हणून काम केल्यानंतर ओसा लार्सन यांनी 2003 मध्ये ‘सोलस्टॉर्म’ ही पहिली कादंबरी प्रसिद्ध केली. तिच्यात एका लोकप्रिय तरुण धर्मोपदेशकाचा मृतदेह किरूनातील चर्चमध्ये सापडतो आणि स्टॉकहोममध्ये करवकील असलेली रेबेका मार्टिनसन, जिला त्याच धर्ममंडळीने पूर्वी जवळजवळ हाकलून लावले होते, नाइलाजाने परत येते. तपास करणारी आना-मारिया मेल्ला त्या वेळी गरोदर असते. पुढच्याच वर्षीच्या कादंबरीत खून होतो एका स्त्री पाद्रीचा. स्वीडिश चर्चने 1960 मध्ये पहिल्या स्त्रियांना दीक्षा दिली असली तरी गावपातळीवरचा विरोध किती काळ टिकला, हे त्या कथेचे मर्म आहे. या कादंबरीला स्वीडिश गुन्हेकथा अकादमीचा वर्षातील सर्वोत्कृष्ट स्वीडिश कादंबरीचा पुरस्कार मिळाला.

वकील स्त्री पोलिसी कादंबरीच्या केंद्रस्थानी कशी, असा प्रश्न आपल्याकडील वाचकाला पडू शकतो. स्वीडिश कायद्यानुसार साध्यासुध्या नसलेल्या गुन्ह्यात एखाद्या व्यक्तीविरुद्ध वाजवी संशय निर्माण झाला की प्राथमिक तपासाचे नेतृत्व सरकारी वकिलाकडे जाते आणि पोलीस त्याच्या निर्देशानुसार काम करतात. मालिकेत रेबेका पुढे किरूनामध्ये सरकारी वकील होते, तेव्हा ती पोलिसांची पाहुणी राहत नाही. तपासाची कायदेशीर जबाबदारी तिच्यावर येते. मेल्ला आणि तिच्यातील ताण या व्यवस्थेतून सहज निर्माण होतो आणि त्यासाठी कृत्रिम भांडणे रचावी लागत नाहीत.

मालिका जसजशी पुढे सरकते तसतसे गुन्ह्याचे मूळ मागे मागे सरकत जाते, आणि माझ्या दृष्टीने हेच तिचे मोठे यश आहे. चौथ्या कादंबरीत दोन तरुण बुडालेले जर्मन विमान शोधण्यासाठी गोठलेल्या सरोवरात उतरतात. तिच्यामागे दुसऱ्या महायुद्धातील तटस्थ स्वीडनची अवघड कहाणी आहे. जर्मनीला येथील लोहखनिज मिळत होते आणि 1940 ते 1943 या काळात रजेवरील जर्मन सैनिकांना स्वीडिश रेल्वेने नॉर्वेत ये-जा करू दिली जात होती. त्यांतील काही गाड्या याच खाणप्रदेशातून जात. पाचव्या कादंबरीचा एक धागा 1914 च्या किरूनात जातो, आणि तेथे खुद्द लुंडबूम एका तरुण शिक्षिकेच्या प्रेमकथेत पात्र म्हणून येतात. शहराच्या आदरणीय संस्थापकाला कल्पित कथेत आणणे हे त्या शहरात साधे धाडस नव्हते.

एक योगायोग येथे नोंदवण्याजोगा आहे. डिसेंबर 1969 ते फेब्रुवारी 1970 या काळात एलकेएबीच्या हजारो खाणकामगारांनी कामगार संघटनेच्या संमतीशिवाय संप केला. तोवर कंपनी सरकारी मालकीची झालेली होती, त्यामुळे संप कल्याणकारी राज्याविरुद्धच होता. शोवाल आणि वालो स्टॉकहोममध्ये बसून ज्या तड्याबद्दल लिहीत होते, तो त्याच वेळी उत्तरेत जमिनीवर उघडा पडला होता.

पुढे तडे शब्दशः जमिनीत आले. खनिजाचा थर तिरका होऊन शहराखाली शिरतो, त्यामुळे उत्खनन खोल गेले तशी वरची जमीन खचू लागली आणि 2004 मध्ये शहराचे केंद्र हलवायचे ठरले. नवे केंद्र सुमारे 3 किलोमीटर पूर्वेला उभारले गेले. ऑगस्ट 2025 मध्ये ते जुने लाकडी चर्च, 672 टन वजनासह, अखंड उचलून दोन दिवसांत 5 किलोमीटर दूर नेण्यात आले. 2021 मध्ये आलेली मालिकेची सहावी आणि शेवटची कादंबरी या स्थलांतराच्या काळात घडते. एका माणसाचा 1962 पासून बेपत्ता असलेला बाप एका फ्रीझरमध्ये मृत सापडतो. खुनाचा खटला चालवण्याची कायदेशीर मुदत उलटून गेलेली असते, तरीही तपास सुरू होतो.

या साऱ्यात सामी समाज मात्र बहुतांशी कडेला राहतो, आणि ही उणीव मला जाणवते. ती भरून काढणारे लेखन किरूनामधूनच आले. तेथेच वाढलेल्या सामी लेखिका आन-हेलेन लेस्ताडियस यांची ‘स्टोल्ड’ ही कादंबरी त्याच वर्षी, 2021 मध्ये, प्रसिद्ध झाली. तिच्यात नऊ वर्षांची मुलगी आपल्या रेनडिअर पाडसाची हत्या करणाऱ्या माणसाला पाहते आणि धमकीमुळे गप्प राहते. सामी कुटुंबे एकामागून एक तक्रारी देतात, पोलीस त्या केवळ चोरी म्हणून नोंदवतात आणि पुराव्याअभावी फाइल बंद करतात.