अल्पखर्ची स्वतंत्र झॉम्बीपट

झॉम्बीपट, म्हणजे उठून चालू लागलेल्या मृतांचे चित्रपट, हा भयपटाचा एक उपप्रकार. मोठ्या स्टुडिओचा पैसा न घेता, बहुधा मित्रमंडळी आणि हौशी कलाकारांना हाताशी धरून, हॉलिवूडबाहेर निघालेल्या झॉम्बीपटांचा विचार या नोंदीत केला आहे. रक्तपिपासू सरदाराला वाडा लागतो, परग्रहवासीयाला यान लागते; झॉम्बीला फाटके कपडे, थोडी रंगभूषा आणि लंगडत चालणारा कोणीही माणूस पुरतो. त्याला अभिनय येत नसला तरी चालते, किंबहुना न आलेलाच बरा. खिशात फारसे पैसे नसलेल्यांनी नेमके हेच भूत का उचलले, याचे एक कारण हे. दुसरे कारण कायद्याचे आहे आणि ते अधिक मजेशीर आहे.

हैतीच्या लोकसमजुतीतला झॉम्बी म्हणजे इच्छाशक्ती हिरावून घेतलेला, दुसऱ्याच्या हुकमाने राबणारा मृत. माणसे खाणारा आणि मेंदूवर घाव बसल्याखेरीज न थांबणारा आजचा झॉम्बी रूढ झाला तो जॉर्ज ए. रोमेरो यांच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) या कृष्णधवल चित्रपटापासून. अमेरिकेतील पिट्सबर्ग परिसरात स्थानिक मंडळींनी पैसे जमवून सुमारे १ लाख १४ हजार डॉलरमध्ये तो काढला. रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरले. कृष्णधवल पडद्यावर ते खपून गेले. प्रदर्शनाआधी चित्रपटाचे नाव बदलताना शीर्षकपाटीवरची स्वामित्वहक्काची ओळ गळाली. त्या काळच्या अमेरिकी कायद्यानुसार एवढ्या चुकीने हक्कच गेला आणि चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला. निर्मात्यांचे नुकसान झाले खरे, पण चित्रपट कोणीही दाखवू लागले. त्यातले नियमही जगभरच्या हौशी दिग्दर्शकांनी कोणाला न विचारता उचलले.

अल्पखर्चाचा टोकाचा नमुना म्हणजे मार्क प्राइस यांचा ब्रिटिश चित्रपट ‘कॉलिन’ (२००८). त्याचा जाहीर केलेला खर्च अवघा ४५ पौंड. त्यात एक पहार, काही टेपा आणि झॉम्बी झालेल्यांसाठी चहापाणी एवढेच आले. चित्रण घरगुती व्हिडिओ कॅमेऱ्यावर झाले आणि रंगभूषाकार आपापले सामान घेऊन आले. ४५ पौंडांचा गाजावाजा पुष्कळ झाला, पण त्या आकड्यात कोणाच्याच मेहनतीचे मोल धरलेले नाही. अशा चित्रपटांच्या बहुतेक आकड्यांचे असेच असते. चित्रपटाची खरी कल्पकता वेगळी आहे: कथा सुरुवातीलाच झॉम्बी झालेल्या तरुणासोबत चालते. त्यामुळे कॅमेऱ्याचे चित्र गढूळ, हलते असले तरी ते गैरसोयीचे वाटत नाही.

पैसा नसला की दाखवण्याऐवजी ऐकवावे लागते. ब्रूस मॅकडॉनल्ड यांच्या कॅनडातील ‘पॉन्टीपूल’ (२००८) मध्ये जवळजवळ सगळी कथा एका लहान रेडिओ केंद्रात घडते. बाहेरचा हाहाकार बातमीदाराच्या फोनवरून कळतो आणि रोग पसरतो तो इंग्रजी शब्दांमधून. गर्दीची दृश्ये परवडत नाहीत, ही अडचण इथे कथेचा कणा झाली आहे.

लॅटिन अमेरिकेत अर्जेंटिनाच्या तरुण मित्रांनी ‘प्लागा झॉम्बी’ (१९९७) व्हिडिओवर काढला. त्याचे पुढचे भागही निघाले. क्यूबातील ‘हुआन दे लोस मुएर्तोस’ (२०११) तुलनेने खर्चिक, पण त्यातली थट्टा विसरता येत नाही: सरकारी दूरचित्रवाणी झॉम्बींना अमेरिकेने पोसलेले बंडखोर ठरवते. पाकिस्तानातील ओमर अली खान यांचा ‘जिबहखाना’ (२००७) आणि नायजेरियातील सी. जे. ओबासी यांचा ‘ओजुजू’ (२०१४) यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तरी दोन्हींत रोगाचे मूळ दूषित पाणी आहे. प्रयोगशाळेतून निसटलेल्या विषाणूपेक्षा ही कल्पना अधिक अंगावर येते. ‘ओजुजू’ लागोसच्या वस्तीत, नगण्य पैशांत चित्रित झाला. ‘जिबहखाना’मध्ये बुरखा घातलेला मारेकरी आहे आणि १९६७ च्या ‘जिंदा लाश’ या पाकिस्तानी चित्रपटात रक्तपिपासू झालेले अभिनेते रेहान छोट्या भूमिकेत दिसतात.

या प्रकाराचे सर्वांत मोठे यश जपानी आहे. शिनिचिरो उएदा यांचा ‘वन कट ऑफ द डेड’ (२०१७) टोकियोतील एका चित्रपट प्रशिक्षण संस्थेच्या कार्यशाळेतून निघाला. खर्च सुमारे ३० लाख येन, चित्रणाचे दिवस ८, कलाकार अनोळखी. पहिली ३७ मिनिटे एकसलग, कुठेही न तोडता टिपलेली आहेत आणि ती पाहताना चित्रपट चक्क फसला आहे असे वाटते. पात्रे उगाच थबकतात, निरर्थक गप्पा मारतात, भिंगावर रक्त उडते तर कोणीतरी ते पुसते, मधेच कॅमेरा जमिनीवर पडून राहतो. उत्तरार्धात याच दृश्यांची पडद्यामागची बाजू उलगडते आणि प्रत्येक अडखळण्याचे कारण कळते. ते इथे सांगणे म्हणजे न पाहिलेल्यांवर अन्याय होईल. २०१८ मध्ये दोन चित्रपटगृहांत लागलेला हा चित्रपट तोंडी प्रसिद्धीवर देशभर पोहोचला आणि त्याने ३ अब्ज येनहून अधिक कमाई केली. मिशेल हाझानाविस्यूस यांनी केलेल्या त्याच्या फ्रेंच आवृत्तीने २०२२ च्या फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवाचा पडदा उघडला.

अर्थात, या प्रकारातले बरेचसे चित्रपट सुमार असतात. पहिल्या वीस मिनिटांतली कल्पना संपली की पळापळ उरते आणि रक्ताचे फवारे वाढवून ती लांबवली जाते. वितरक क्वचितच मिळत असल्याने त्यांचा प्रेक्षक पूर्वी व्हिडिओ कॅसेटवर आणि भयपट महोत्सवांच्या मध्यरात्रीच्या खेळांना भेटे. आता तो मुख्यतः इंटरनेटवर भेटतो.