रविवारी काय चिरायचं आणि काय नाही

मागच्या वर्षी नवऱ्याने आणि मी ठरवलं की रविवारी बसून आठवड्याची सगळी भाजी एकदाच चिरून ठेवायची, कारण सकाळी पावणेसातला मुलांची व्हॅन, चार डबे, दोघांची ऑफिसं, आणि त्यात "आज भाजी काय?" हा प्रश्न. दोन तास खपलो. भेंडी, वांगी, मेथी, कांदा सगळं डब्यांत भरून फ्रिजमध्ये रचलं, फोटोबिटो काढला. बुधवारी भेंडीचा डबा उघडला तर चक्क तार सुटली होती, वांगी काळी पडलेली आणि कांद्याचा वास दुधालासुद्धा. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त डबा माझ्यापुढे सरकवला.

आमची चूक अशी झाली की आम्ही मेनूचा प्लॅन केला, भाजीचा केला नाही. भाजी तोडली म्हणजे मेली असं नसतं, ती टोपलीतसुद्धा श्वास घेत असते, म्हणजे ऑक्सिजन घेऊन स्वतःतली साखर जाळते आणि पाणी सोडते. मेथी, पालक, कोथिंबीर यांचा हा कारभार एकदम फास्ट, बटाटा-भोपळ्याचा अगदी सावकाश. आणि चिरलं की ती जखमच, मग श्वास अजून वाढतो. वांग्याच्या पेशीत फिनॉल नावाची द्रव्यं एका कप्प्यात आणि त्यांना काळं करणारं एन्झाइम दुसऱ्या कप्प्यात असतं, विळीने मधली भिंत फोडली आणि हवा लागली की काम सुरू. म्हणून तर चिरलेली वांगी आपण लगेच मिठाच्या पाण्यात टाकतो.

बरं, न चिरता ठेवली तरी फ्रिज सगळ्यांना मानवत नाही. वांगी, भेंडी ही उष्ण हवेतली पिकं. वांग्याला साधारण 10 ते 12 डिग्री बरं वाटतं, भेंडीला 7 ते 10, आणि आपला फ्रिज असतो 4-5 वर. तेवढ्या थंडीत त्यांच्या पेशींची आवरणं कडक होऊन गळायला लागतात, मग सालीवर खड्डे पडतात, वांग्याच्या बिया तपकिरी होतात. म्हणजे या भाज्या अख्ख्या, कोरड्या फडक्यात गुंडाळून खालच्या ड्रॉवरमध्ये, आणि मंगळवार-बुधवारपर्यंत संपवायच्या. पालेभाजी सोमवारीच, फारतर मंगळवारी. कोबी, गाजर, बीट थंडीला घाबरत नाहीत, त्यांचा नंबर गुरुवार-शुक्रवार. टोमॅटो मात्र कोथिंबिरीशेजारी नको, तो पिकताना इथिलीन वायू सोडतो आणि त्याने पालेभाजी पिवळी पडते.

मग रविवारी करायचं काय? तर मटकी! मला विचाराल तर आठवड्याच्या प्लॅनमधला सगळ्यात हुशार पदार्थ हाच. शनिवारी रात्री भिजत घालायची, रविवारी सकाळी निथळून फडक्यात बांधायची, सोमवारपर्यंत छान मोड. कडधान्यात रॅफिनोज, स्टॅकिओज अशा साखरा असतात, त्या पचवायचं एन्झाइम आपल्याकडे नाही, म्हणून त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले बॅक्टेरिया त्यावर ताव मारून गॅस करतात. पण मोड येताना तो इवलासा अंकुर सुरुवातीला याच साखरा खाऊन वाढतो, म्हणजे आपला त्रास तोच कमी करतो. शिवाय लोह-झिंकला धरून ठेवणारं फायटिक अ‍ॅसिड कमी होतं आणि कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेलं क जीवनसत्त्व तयार होतं. फक्त ऊब आणि ओल बॅक्टेरियालाही तेवढीच आवडते, त्यामुळे मोड आले की लगेच फ्रिजमध्ये, आणि शिजवूनच खायचे.

कणीक रात्री मळून ठेवली तर सकाळी वरून करडी दिसते, तीही वांग्याचीच गोष्ट, गव्हाच्या कोंड्यातलं तसलंच एन्झाइम. वरून तेलाचा हात फिरवून घट्ट झाकण लावलं की हवा कमी लागते. पण दोन-तीन दिवसांची कणीक नको, कारण आतली दुसरी एन्झाइम स्टार्चची साखर करत राहतात, गोळा सैल पडतो आणि पोळीवर डाग भराभर पडतात.

खवून ठेवलेल्या नारळाला काही दिवसांनी साबणासारखा वास येतो ना, तो उगाच नाही. खोबऱ्याच्या तेलातला जवळपास निम्मा भाग लॉरिक अ‍ॅसिडचा, जंतूंनी तेल फोडलं की ते मोकळं होतं आणि तोच वास. मी आता कांदा-खोबऱ्याचं वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीझरला टाकते, उणे 18 ला जंतूंची वाढ थांबते, आमटीला दोन क्यूब पुरतात.

आता भात. यावर आमच्या घरात भांडण झालंय, म्हणून जरा सविस्तर. तांदळावर बॅसिलस सिरियस नावाच्या बॅक्टेरियाचे बीजाणू, म्हणजे त्यांचं टणक कवचातलं झोपलेलं रूप, असू शकतात, साध्या उकळीत ते मरत नाहीत. भात ओट्यावर कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि काही जण उलट्या करवणारं विष सोडतात, आणि हे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही, मग फोडणी कितीही चरचरीत द्या. नवऱ्याचं म्हणणं "आम्ही लहानपणापासून खातोय," अहो, पण तेव्हा रात्रीचा भात सकाळी संपायचा, तीन दिवस कुकरमध्ये बसायचा नाही. उरलेला भात ताटात पातळ पसरायचा, वाफ गेली की तास-दीड तासात फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोडणीचा भात करून डब्यात.

तर आमचा रविवार आता तासाभराचा आहे. मटकी बांधणे, मेथी-कोथिंबीर न धुता निवडून फडक्यात, लसूण सोलणे, वाटणाचा ट्रे. सुरी लागते ती फक्त वाटणाच्या कांद्याला. लाल भोपळा ओट्याखाली अख्खा पडून असतो, शनिवारी कोणालाच काही सुचलं नाही की त्याचं भरीत.