ग्रीनलँडच्या बर्फातलं रोमन शिसं

रोमचं सैन्य ग्रीनलँडला कधी पोहोचलं नाही. पण त्या साम्राज्याच्या भरभराटीची आणि पडझडीची नोंद तिथल्या बर्फात आहे, आणि ती शिशाने केलेली आहे.

मुळाशी आहे चांदी. दक्षिण स्पेनमध्ये गॅलेना नावाचं खनिज मिळतं. ते शिसं आणि गंधक यांचं संयुग असतं आणि त्यात थोडीशी चांदी असते. खनिज भाजून, वितळवून आधी शिसं काढायचं. मग ते हजारेक अंशांपर्यंत तापवून त्यावर भात्याने हवा मारायची. शिशाचं ऑक्साइड बनून वेगळं होतं आणि मुशीत चांदीचा गोळा उरतो. किलोभर चांदीसाठी शेकडो किलो शिसं भट्टीत जायचं. त्याचे सूक्ष्म कण धुराबरोबर वर चढत, वाऱ्यावर हजारो किलोमीटर जात आणि हिमासोबत ग्रीनलँडवर उतरत. तिथे दरवर्षी हिमाचा नवा थर साचतो, म्हणून थर मोजत खाली गेलं की कोणत्या काळी किती शिसं पडलं ते कळतं.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इ.स.पू. ११०० ते इ.स. ८०० पर्यंतचं शिसं असं सलग मोजलं गेलं. इतिहासातल्या लढाया त्या आलेखात दिसतात, हे मला विलक्षण वाटतं. रोमचा शत्रू असलेल्या कार्थेजचा सेनापती हॅनिबल; त्याचं सैन्य स्पेनच्या चांदीवर पोसलं जात होतं. इ.स.पू. २०९ मध्ये रोमन सेनापती स्किपिओने स्पेनमधलं नवं कार्थेज, म्हणजे आजचं कार्ताहेना, जिंकलं आणि जवळच्या खाणी रोमच्या हाती आल्या. तिथे चाळीस हजार माणसं राबत, असं इतिहासकार पॉलिबियस सांगतो. सैनिकांचा पगार चांदीत, म्हणून प्रत्येक मोहिमेला खाणी लागत. खाणीत बहुतेक गुलाम. बर्फात सापडणारा धूर आधी त्यांच्या छातीत गेला होता.

(त्याच सुमाराच्या शतकांत आपल्याकडे सातवाहन शिशाची नाणी पाडत होते. ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत शिसंही आहे आणि रोमन नाणीही.)

रोममधल्या यादवी युद्धांच्या काळात आलेख खाली येतो, पहिला सम्राट ऑगस्टस याच्यापासूनच्या शांततेत उंच चढतो. मग इ.स. १६५ च्या सुमारास साम्राज्यात महामारी पसरते. त्या थरांपासून शिसं झपाट्याने घटतं, आणि पुढची पाचशे वर्षं पूर्वीच्या पातळीला परत येत नाही.