टाइडवॉटर गोबी आणि ॲरो गोबी: बंद खाजण आणि उघडी खाडी

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर नदीमुखाच्या उथळ पाण्यात बारीक जाळे ओढले, तर करड्या-पिवळसर रंगाचे, जवळपास पारदर्शक असे चिमुकले मासे त्यात येतात. ते टाइडवॉटर गोबी असू शकतात किंवा ॲरो गोबी. दोघेही साधारण पाच सेंटिमीटरचे, दोघेही तळाशी वावरणारे आणि वंशावळीत एकमेकांचे अगदी जवळचे नातलग. त्यामुळे ओळखण्यात गल्लत होणे स्वाभाविक आहे. मात्र पहिला मासा १९९४ पासून अमेरिकेच्या संघीय कायद्याखाली संकटग्रस्त म्हणून संरक्षित आहे, तर दुसरा बाजा कॅलिफोर्नियापासून ब्रिटिश कोलंबियापर्यंत सर्रास आढळतो. अशा वेळी ही गल्लत परवडणारी नाही.

मासा समोर असेल तर आधी तोंड पाहावे. ॲरो गोबीचा जबडा डोळ्याच्या मागच्या कडेपलीकडे बराच लांब जातो, त्यामुळे एवढ्याशा माशाचे तोंड विचित्र वाटावे इतके मोठे दिसते; टाइडवॉटर गोबीचा जबडा डोळ्याच्या आसपासच संपतो. नंतर पाठ पाहावी. दोघांच्याही पाठीवर दोन पर असतात, पण ॲरो गोबीत त्या दोन परांमध्ये रुंद मोकळी जागा राहते आणि टाइडवॉटर गोबीत ते जवळजवळ असतात. पोटाखालचे पर जुळून झालेली चकती मात्र ओळखीसाठी निरुपयोगी आहे, कारण ती गोबींमध्ये सर्रास असते.

माझ्या मते खरा फरक शरीरात नसून पाण्याच्या वागण्यात आहे. कॅलिफोर्नियात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. उन्हाळ्यात ओढ्यांचा प्रवाह मंदावला की लाटा मुखापाशी वाळू आणून टाकतात, वाळूचा दांडा तयार होतो आणि त्यामागे गोडे पाणी साठून खाजण बनते. भरती-ओहोटी तिथपर्यंत पोहोचत नाही, पाणी संथ आणि मचूळ राहते. टाइडवॉटर गोबीचे घर हेच. समुद्राच्या पाण्यात दर हजार भागांत सुमारे ३५ भाग क्षार असतात, तर हा मासा बहुतेक वेळा १२ भागांपेक्षा कमी क्षारतेच्या पाण्यात सापडतो. गरज पडल्यास तो याहून कितीतरी खारे पाणी सोसतो. तेव्हा अडचण मिठाची कमी आणि रोजच्या भरती-ओहोटीच्या ओढीची अधिक, असे म्हणता येते.

या संथ पाण्यावर त्याचे प्रजनन अवलंबून आहे. नर स्वच्छ, जाडसर वाळूत उभे बीळ खोदतो आणि मादीने बिळाच्या भिंतीला चिकटवलेल्या अंड्यांची नऊ ते अकरा दिवस राखण करतो. नरासाठी चढाओढ माद्यांमध्ये होते. विणीच्या काळात मादी काळीभोर होते आणि दुसऱ्या माद्यांवर धावून जाते, जे माशांमध्ये क्वचितच पाहायला मिळते. या माशाचे आयुष्य जेमतेम वर्षभराचे असल्यामुळे एक हंगाम वाया जाणे म्हणजे त्या खाजणातली जवळपास सगळी पिढीच वाया जाणे.

ॲरो गोबीला याच्या नेमके उलट हवे असते. ज्या खाडीचे तोंड समुद्राला उघडे आहे आणि जिथे ओहोटीला चिखलाची मैदाने उघडी पडतात, तिथे तो राहतो. आसऱ्यासाठी तो भूतकोळंबी किंवा इनकीपर नावाचा जाडजूड कृमी यांच्या बिळांत शिरतो. ओहोटीच्या वेळी आणि शत्रू दिसताच हे आयते बीळ त्याच्या कामी येते. गिळता न येणारा मोठा तुकडा त्याच बिळातल्या खेकड्यापुढे नेऊन टाकायचा आणि खेकड्याने तो फाडला की त्यातले घास पळवायचे, असे त्याचे वर्तनही नोंदले गेले आहे.

राहणीतला हा फरक आनुवंशिकतेतही उतरला आहे. ॲरो गोबीची पिल्ले खुल्या पाण्यात तरंगत दूरवर पसरतात, म्हणून लांबच्या खाड्यांतले मासेही एकमेकांशी बरेच मिळतेजुळते असतात. टाइडवॉटर गोबी मात्र पुराने दांडा फुटून बाहेर ढकलला गेला तरच शेजारच्या खाजणापर्यंत पोहोचण्याची शक्यता असते आणि मध्ये लांब खडकाळ किनारा आला की तीही मावळते. परिणामी त्याचे गट एकमेकांपासून तुटलेले राहिले, इतके की सॅन डिएगो परगण्यातल्या दक्षिणेकडील गटाला २०१६ मध्ये स्वतंत्र प्रजाती म्हणून मान्यता देऊन त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले.

म्हणूनच साचलेले पाणी वाईट आणि वाहते पाणी चांगले, हा सरसकट समज इथे घातक ठरतो. पूर टाळण्यासाठी किंवा दुर्गंधी घालवण्यासाठी भर उन्हाळ्यात दांडा यंत्राने फोडला, की काही तासांत पातळी उतरते, काठावरची बिळे अंड्यांसकट कोरडी पडतात आणि उरलेले मासे उथळ पाण्यात पक्ष्यांच्या तोंडी जातात. मुख कायमचे उघडे ठेवले तर ती जागा ॲरो गोबीच्या सोयीची होते. संरक्षित माशासाठी केलेल्या कामातून दुसऱ्याच माशाचे घर तयार व्हावे, हा धोका काल्पनिक नाही. पाहणीत दोघांची नावे अदलाबदल झाली तर तो लक्षातही येणार नाही.

जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या पॅलिसेड्स वणव्यानंतर टोपँगा खाजणातून शेकडो टाइडवॉटर गोबी पकडून सांता मोनिका आणि लाँग बीच इथल्या मत्स्यालयांत हलवावे लागले, कारण पहिल्या पावसाबरोबर राख आणि गाळ खाजणात येणार हे उघड होते. पाणी निवळल्यावर, त्याच वर्षीच्या जूनमध्ये, त्यांतले अनेक मासे पुन्हा त्याच खाजणात सोडण्यात आले.